रजेचा अर्ज आणि आईची तिथी

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की पळस्प्याच्या पुढे, कर्नाळ्याचा सुळका डोळ्यांत भरू लागतो त्या सुमारास शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथला, ४ नोव्हेंबर १८४५ चा. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ साली किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि किल्लेदारी संपली. ही माहिती शाळेच्या पुस्तकापासून गावातल्या स्मारकापर्यंत सगळीकडे मिळते. आजोबांना किल्ला आहे, नातवाला इंग्रजांविरुद्धचे बंड आहे. मधल्या सरस्वतीबाई, म्हणजे वासुदेवांची आई, या चरित्रकथेत ठळकपणे दोनदा येतात आणि दोन्ही वेळा मुलाच्या रजेच्या अर्जातून येतात. वासुदेव तेव्हा पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, त्यांनी रजा मागितली, ती वेळेवर मिळाली नाही आणि ते घरी पोहोचले तेव्हा सगळे संपले होते. हे १८७० च्या सुमाराचे. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धासाठी त्यांनी पुन्हा रजा मागितली. तीही नाकारली गेली.

हा प्रसंग सांगण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. आईचे अंत्यदर्शन हुकले, संताप झाला, ठिणगी पडली, बंड उभे राहिले. व्याख्यानांत आणि चित्रपटांत ही मांडणी शोभते, कारण ती सोपी आहे. पण तिच्यात सरस्वतीबाईंच्या वाट्याला काडीपेटीतल्या काडीचे काम येते: पेटायचे आणि संपायचे. मला या दोन अर्जांतला दुसरा अर्ज अधिक महत्त्वाचा वाटतो. आजारी आईला भेटायला जाणे ही मायेची गोष्ट झाली, ती कोणत्याही देशातल्या साहेबाला कळू शकते. आई जाऊन वर्ष झाल्यावर एका ठरलेल्या तिथीला घरी असलेच पाहिजे, हा आग्रह मात्र एका विशिष्ट समाजाच्या स्मरणपद्धतीतून आलेला आहे. आईची आठवण हा केवळ मनाचा भाग नसून ते वर्षातल्या एका दिवशी, नाव घेऊन फेडायचे देणे आहे, असे मानणारी ही पद्धत. ती एकांगी होती, अन्यायीही होती. तरीही आई, आजी आणि पणजी यांची नावे टिकवण्याचे जे काम सरकारी दप्तराने शंभर-दीडशे वर्षांत धड केले नाही ते या पद्धतीने केले, असे माझे म्हणणे आहे.

आधी ठिणगीचा हिशेब संपवू. इतिहासाचा कोणताही जाणकार म्हणेल की बंडाचे कारण आईच्या मृत्यूत शोधणे हा भाबडेपणा आहे. त्याचे म्हणणे बरोबर आहे. सरस्वतीबाई गेल्या आणि बंडातला पहिला दरोडा धामारी गावावर पडला या दोन गोष्टींत आठ-नऊ वर्षांचे अंतर आहे. धामारीची तारीख २३ फेब्रुवारी १८७९. मधल्या काळात न्यायमूर्ती रानडे यांची देशी व्यापार आणि संपत्तीच्या ओघावरची व्याख्याने झाली, १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला, वासुदेवांनी गावोगाव फिरून माणसे अन्नावाचून मरताना पाहिली. त्यांनी लपून राहत असताना लिहिलेले आत्मवृत्त पुढे मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनखंडात १९५७ साली छापले. त्यातही दुष्काळ आणि लोकांची दैना यांवरच भर आहे. तेव्हा आईच्या श्राद्धाची रजा नाकारली म्हणून बंडासाठी रामोशी गोळा केले, असा सरळ धागा जोडता येत नाही. मात्र यावरून तो प्रसंग गौण ठरतो असेही नाही. बंडाचा पुरावा म्हणून तो कमकुवत आहे, एवढेच. एका कारकुनाच्या घरात आईचे स्मरण किती काटेकोर गोष्ट होती, याचा पुरावा म्हणून तो भक्कम आहे.

ही काटेकोरपणाची बाब जरा जवळून पाहण्यासारखी आहे. वर्षश्राद्धाच्या सकाळी कर्ता आसनावर बसतो, अनामिकेत दर्भाचे पवित्रक घालतो आणि उपाध्याय विचारतात ती नावे संकल्पात सांगतो. आईचे श्राद्ध असेल तर तीन नावे लागतात: माता, पितामही, प्रपितामही. म्हणजे आई, वडिलांची आई आणि वडिलांची आजी. प्रत्येकीचे नाव गोत्रासह उच्चारायचे. पुरुषाच्या नावापुढे ‘शर्मा’ लागते तसे बाईच्या नावापुढे ‘दा’ लागते, म्हणून सरस्वतीबाईंचा उच्चार ‘सरस्वतीदा’ असा होणार. मग तिघींना अनुक्रमे वसू, रुद्र आणि आदित्य यांचे रूप देऊन तीळ-पाणी सोडायचे, पिंड ठेवायचे. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणून वेळ निभावता येते. नावासाठी मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडेच जावे लागते. यात कोणाचा स्वभाव कसा होता, हाताला चव कशी होती, कोणी किती बाळंतपणे काढली, यातले काही म्हणजे काही येत नाही. चरित्र म्हणून पाहिले तर हे अगदी रोडके स्मरण आहे. पण दरवर्षी मोठ्याने घेतली जाणारी तीन बायकांची नावे, हा त्या काळातला दुसरा कुठला दस्तऐवज होता? जमीनमहसुलाच्या दप्तरात, इनामाच्या यादीत, पगारपत्रकात या तिघी नव्हत्या. पिढी सरकली की आई पितामहीच्या जागी जाते, पितामही प्रपितामहीच्या, आणि सर्वांत जुने नाव गळते. स्मरणाची ही तीन पिढ्यांची मुदत कोणी ठरवली असेल ती असो, माणसाच्या खऱ्या आठवणीची मुदतही जवळपास तेवढीच असते.

रजेचे भांडण या तिथीमुळे आणखी अवघड होते. कचेरी इंग्रजी तारखेवर चालणार आणि श्राद्ध चांद्र तिथीवर. तीच तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला येणार. कारकुनाला साहेबाकडे जाऊन सांगावे लागणार की मला अमुकच दिवशी जायचे आहे, आदला चालणार नाही, पुढचा चालणार नाही, आणि पुढल्या वर्षी हा दिवस दुसऱ्या तारखेला असेल. साहेबाच्या नजरेला ही लबाडीही वाटली असेल. इथे एक चांगला आक्षेप घेता येतो. धर्मशास्त्राने चुकलेल्या श्राद्धाची सोय करून ठेवली आहे. आजारपणामुळे किंवा तसल्याच अडचणीमुळे तिथी हुकली तर कृष्ण पक्षातली एकादशी किंवा अमावास्या धरता येते. मग एवढा त्रागा कशासाठी? उत्तर असे की ही सवलत माणसाच्या हाताबाहेरच्या अडचणींसाठी होती. वरिष्ठाची मर्जी ही त्या यादीत बसणारी अडचण आहे असे एखाद्याने मानले असते तर त्याचा अर्थ, साहेब हा पूर किंवा ताप यांच्यासारखा दैवी कोप आहे हे मान्य करणे, असा झाला असता. वासुदेवांनी ते मान्य केले नाही. पुष्कळ कारकुनांनी निमूटपणे मान्य केले असणार, कारण नोकरी टिकवायची होती. वर्षश्राद्ध तर नेहमीच्या श्राद्धाहून वेगळे. त्याने मृत्यूनंतरचे वर्ष पुरे होते आणि घर पुन्हा सणवारांना मोकळे होते. तो दिवस चुकला की सगळ्या घराची गाडी अडते.

हा प्रश्न फडक्यांच्या घरापुरता नव्हता, आणि पनवेलच्या भूगोलाशी त्याचा संबंध आहे. मुंबईहून खाडीने पनवेलच्या बंदरात उतरायचे आणि बोरघाटाने पुण्याला चढायचे, हा जुना राजमार्ग. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा पनवेलचे महत्त्व वाढले. तांदूळ, मीठ, लाकूड यांची उलाढाल होती, बैलगाडीची चाके करणारे इथले सुतार नावाजलेले होते आणि १८५२ साली गावात नगरपालिकाही आली. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि ती पनवेलला बाजूला टाकून कर्जतमार्गे गेली. वाहतूक गेली, तसे तरुणही गेले. इंग्रजी चार बुके शिकलेला मुलगा मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत, आणि आई, आजी, घर, शेत गावी, अशी विभागणी कोकणात या काळात पक्की होत गेली. वासुदेव त्या पहिल्या काही पिढ्यांतले. आधी रेल्वेच्या कचेरीत, मग पुण्यात. घरी येण्याची जी थोडी कारणे नोकरदार मुलाला उरली त्यांत गणपती, शिमगा, लग्नकार्य आणि श्राद्ध ही प्रमुख. यातली पहिली तीन जिवंत माणसांच्या गोतावळ्यासाठी. चौथे कारण मेलेल्या आईसाठी, आणि तेच कचेरीला सर्वांत कमी पटणारे. पुण्याहून शिरढोणला येणे म्हणजे आगगाडीने घाट उतरून पुढे बैलगाडीने जाणे. अर्धा दिवस सुटी घेऊन हे जमणारे नव्हते.

आता खरा आक्षेप. श्राद्धाच्या संकल्पातली नावे हा पुरावा कोणाच्या घरातला? ब्राह्मण आणि काही थोड्या उच्चवर्णीय घरांतला. वासुदेव वर्षश्राद्धाच्या रजेसाठी झगडत होते त्याच पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. भटाच्या मध्यस्थीवाचून लग्ने आणि अंत्यविधी व्हावेत हा त्याचा कार्यक्रमच होता. मेलेल्या आईच्या नावाने जिवंत माणसाकडून दक्षिणा काढण्याचा व्यवहार त्यांना लुबाडणूक वाटला, आणि कर्ज काढून तेरावे घालणाऱ्या कुणबी घरांकडे पाहिले तर तसे वाटणे योग्यच होते. हा आक्षेप मी खोडून काढू पाहत नाही. फक्त त्याची कक्षा तपासतो. फुल्यांचा विरोध मध्यस्थाला होता. आईबापांच्या स्मरणाशी त्यांचे भांडण नव्हते. आणि मध्यस्थ नसलेल्या घरांतही स्मरणाच्या स्वतःच्या रीती होत्या. भाद्रपदात पितरांचे पान वाढून कौलावर कावळ्याला घास ठेवणे ही कोणा एका जातीची मिरास नाही. मराठी मुलखातल्या कितीतरी देव्हाऱ्यांत कुलदैवतांशेजारी पूर्वजांचे चांदीचे टाक असतात. पनवेल-उरणच्या आगरी समाजात तर लग्न लावायचे काम धवलारीण करत आली. हळदीपासून लग्नापर्यंतचे विधी ती धवले गाऊन पार पाडते, आणि ती विद्या तिने पोथीतून घेतलेली नसते, वडीलधाऱ्या बायकांकडून ऐकत ऐकत घेतलेली असते. पुरोहिताच्या जागी म्हातारी बाई बसवणाऱ्या समाजाला, आजीचे महत्त्व काय, हे संस्कृतातून शिकण्याची गरज नव्हती. पण कंठस्थ परंपरेचा तोटा हा की ती गाणारी गेली आणि मागे कोणी शिकलेली नसली तर सगळेच जाते. संकल्पाची नावे निदान एकापेक्षा जास्त तोंडांत असतात.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो आणि तो जास्त बोचरा आहे. ही पद्धत बाईला बाई म्हणून आठवत नाही, एका घराण्याची सून म्हणून आठवते. संकल्पातले नाव बहुधा सासरी ठेवलेले. लग्नात तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले की माहेरचे नाव तिथेच मिटले. गोत्र नवऱ्याचे, कर्ता मुलगा. मुलगीच असेल तर तिने आईचे काय करावे याबद्दल परंपरा बराच वेळ घसा खाकरत राहते. अविधवा नवमी घ्या. भाद्रपद वद्य नवमीला स्मरण होते ते नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचे, म्हणजे गौरव तिच्या आयुष्याचा नसून कुंकवाचा. नवरा गेल्यावर तीस-चाळीस वर्षे घर ओढून नेणाऱ्या आजीला तो दिवस नाही. आश्विन शुद्ध प्रतिपदेचा आजेपाडवा पाहा. मुलीच्या मुलाने आजोबांना तर्पण करण्याचा हा दिवस आपल्या रीतीतल्या मोजक्या हळव्या जागांपैकी एक, पण मान आईच्या वडिलांचा. ज्या आजीकडे सुटीत नातवंडे राहिली ती इथे आजोबांच्या मागे उभी. हे सारे खरे आहे. तरीही, या पद्धतीने निदान नाव मागितले. हा फार वरचा निकष नव्हे, हे कबूल. पण त्या काळातल्या बाकी व्यवस्थांना तोही झेपला नाही.

मग आईचे खरे स्मरण लिहिलेल्या चरित्रात शोधावे, असे कोणी म्हणेल. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली आल्या, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये. तिथून मराठी बाई स्वतःच्या आयुष्याची कर्ती म्हणून कागदावर दिसू लागते. या पुस्तकांपुढे तीन नावांचा संकल्प अर्थातच फिका आहे. पण पुस्तक लाखात एका घराला लाभते, आणि आईवरचे आपले सर्वांत वाचले गेलेले पुस्तक बाईने लिहिलेले नाही, मुलाने लिहिलेले आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातला श्यामही आईच्या शेवटच्या क्षणी जवळ नसतो, उशिरा पोहोचतो. पालगडची ती आई आणि शिरढोणच्या सरस्वतीबाई, कोकणातल्या या दोन आया आपल्यापर्यंत न पोहोचू शकलेल्या मुलांच्या मार्फत आल्या, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. मुलगा परगावी गेल्याशिवाय आई हा लिहिण्याचा विषय होत नाही. जवळ राहणाऱ्या मुलींनी आणि सुनांनी आजारपण काढले, अंथरूण धुतले, तोंडात पाणी घातले, आणि त्यांच्या आठवणींचे पुस्तक झाले नाही. त्यांना रजेचा अर्ज करावा लागला नाही, एवढाच त्यांचा दोष.

सरकारी दप्तराकडे वळले तर चित्र अधिक उघडे पडते. पनवेल तालुक्यातला कुठलाही जुना सातबारा उघडावा. कब्जेदाराच्या रकान्यात थोरल्या भावाचे नाव आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. घरची आई या रकान्यात शिरते ती बहुतेक एकाच वाटेने. नवरा लवकर गेला, मुलगे लहान असले, तर मुलांची नावे लागतात आणि त्यांच्या खाली ‘अ.पा.क. आई’ असे लिहून तिचे नाव येते. अज्ञान पालनकर्ता. मुले सज्ञान झाली की फेरफार होतो आणि ते नाव कंसात जाते. ज्या बाईने त्या दहा-पंधरा वर्षांत भात लावले, सावकार थोपवला, खंड भरला, तिच्या कारकिर्दीची दप्तरातली नोंद तेवढीच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा, आई आणि मुलगी यांना पहिल्या वर्गाचे वारस ठरवले, १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहहिस्सेदार केले. कायदा बदलला तरी रकाना बदलायला कोणीतरी तलाठ्याकडे जावे लागते, आणि भावाच्या घरी दिवाळीला जायचे असलेली बहीण सहसा गेली नाही.

पनवेलमध्ये तिला जावे लागले ते सिडकोमुळे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरातल्या गोळीबारात पाच जणांचे बळी गेले, आणि त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना निघाली. भूखंड द्यायचा तर मूळ खातेदाराचे वारस ठरवायला हवेत. तो तर बहुधा केव्हाच वारलेला. मग वारस दाखला आणि वंशावळ यांची धावपळ सुरू झाली. प्रतिज्ञापत्रावर झाड काढायचे: आजोबा, आजी, त्यांचे मुलगे, मुली, मेलेल्या मुलींचीही मुले. ज्या घरांत कधी उपाध्याय आला नव्हता त्यांनाही आता पणजीचे नाव सांगावे लागले, ती कधी वारली हे सांगावे लागले, आणि एखाद्या बाईचे माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे असेल तर ती एकच व्यक्ती असल्याचे लिहून द्यावे लागले. आजीची नावे एवढ्या संख्येने कागदावर आली ती भक्तीने नव्हे, भूखंडाच्या भावाने. आणि त्याच कागदांच्या गठ्ठ्यात पुष्कळदा पुढचा कागद हक्कसोडपत्राचा असतो. आधी आत्यांची आणि बहिणींची नावे लावायची, मग त्यांच्या सह्या किंवा अंगठे घेऊन ती कमी करायची.

११ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव आता बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. यावर थट्टाही झाली की नाव आता रकान्यात मावणार नाही. मला या निर्णयात दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या अर्जाचे उशिराचे उत्तर दिसते, अपुरे असले तरी. आईचे नाव सांगणे ही खासगी भावना आहे, सरकारी कामाशी तिचा संबंध नाही, असे १८७१ च्या सुमारास पुण्याच्या कचेरीने ठरवले होते. आता कचेरीच ते नाव मागते आहे. आजीला मात्र नव्या नमुन्यात रकाना नाही. शिरढोणच्या घरी वर्षश्राद्धाला वासुदेव बसले असते तर त्यांना आईपाठोपाठ आजीचे आणि पणजीचे नाव घ्यावे लागले असते. नव्या नियमाने नाव लावलेल्या मुलाला त्याच्या दाखल्यावरून फक्त आईचे कळेल. आजीचे नाव हवे असेल तर त्याला आईच्या दाखल्यावर पाहावे लागेल, आणि तिचा जन्म मे २०२४ च्या आधीचा असल्यामुळे तिथे पूर्ण नावात बहुधा तिच्या वडिलांचे नाव सापडेल.